खेळाडूचा प्रशिक्षक होताना: रासी इरास्मसच्या कारकिर्दीतून काय घ्यावं

प्रश्न रग्बीतल्या एका तरुण फ्लँकरचा (पुढच्या आठ जणांतल्या कडेच्या खेळाडूचा) आहे. गुडघ्याच्या दुखापतीनंतर त्याचं स्पर्धात्मक खेळणं थांबलं, आणि क्लबने त्याच्यावर ज्युनिअर मुलांची जबाबदारी टाकली आहे. तो दोन गोष्टी विचारतो. मोठा खेळाडू असल्याशिवाय मोठा प्रशिक्षक होता येतं का? आणि दक्षिण आफ्रिकेचा रग्बी प्रशिक्षक रासी इरास्मस याने असं वेगळं काय केलं, की देशाचा संघ हाती आल्यावर दीड वर्षात विश्वचषक आला?

बरीच वर्षं मुलामुलींना रग्बी शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. रासीच्या कामाचा मी जमेल तितका बारकाईने अभ्यासही केला आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नोंदींमध्येच सापडतं. पुरुषांचा रग्बी विश्वचषक 1987 पासून 2023 पर्यंत दहा वेळा झाला. जिंकणाऱ्या दहा प्रशिक्षकांपैकी स्वतः देशासाठी कसोटी खेळलेले तिघेच: न्यूझीलंडचा ब्रायन लोहोर (1987), इंग्लंडचा क्लाइव्ह वुडवर्ड (2003) आणि रासी इरास्मस (2019). ग्रॅहम हेन्री शाळेचा मुख्याध्यापक होता, जेक व्हाइट शिक्षक, स्टीव्ह हॅन्सन पोलीस, तर जाक निनाबर फिजिओथेरपिस्ट. आणि खेळाडू म्हणूनही विश्वचषक जिंकला, पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणूनही जिंकला, असा माणूस अजून झालेला नाही.

उलटं उदाहरण मार्टिन जॉन्सनचं. 2003 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. त्याच्याइतका दरारा असलेला कर्णधार रग्बीत क्वचितच झाला असेल. 2008 मध्ये त्याला थेट राष्ट्रीय संघाचं व्यवस्थापक केलं गेलं, तेव्हा प्रशिक्षणाचा कसलाही अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. 2011 ची सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) त्याने जिंकून दिली, पण त्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सकडून 19-12 अशी हार झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्याने पद सोडलं. जॉन्सन कमी बुद्धीचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. मधली वर्षं त्याला कोणी दिलीच नाहीत. सहायक म्हणून राबायचं, छोट्या संघाबरोबर हरायचं, कोणाला कोणत्या शब्दांत वगळायचं हे शिकायचं, ही ती वर्षं. अँडी फॅरेल रग्बी लीगमधला (तेरा जणांच्या वेगळ्या रग्बीतला) केवढा थोर खेळाडू! पण तो आधी इंग्लंडचा आणि मग आयर्लंडचा बचाव प्रशिक्षक होता. इंग्लंडने 2015 च्या विश्वचषकानंतर त्याला काढूनही टाकलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून आयर्लंडला ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्समधले सगळे सामने जिंकण्याचा मान) मिळवून दिला तो त्यानंतर, 2023 मध्ये.

आता रासीकडे वळू. योहान इरास्मसचा जन्म 1972 चा, ईस्टर्न केपमधल्या डेस्पॅच या छोट्या गावातला. थोर सेंटर डॅनी गर्बर याच गावचा. रासी फ्री स्टेट प्रांताच्या संघाकडून खेळत वाढला. जागा फ्लँकर, कधी नंबर आठ. पहिली कसोटी जुलै 1997 मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाविरुद्ध. मालिका आधीच हातची गेली होती, तो तिसरा सामना मात्र आफ्रिकेने 35-16 असा जिंकला. पुढे संघाने, बहुतांश निक मॅलेटच्या हाताखाली, सलग 17 कसोटी जिंकून न्यूझीलंडच्या 1965 ते 69 च्या विक्रमाशी बरोबरी केली. (त्या जुन्या न्यूझीलंड संघाचं नेतृत्व बहुतेक काळ वर उल्लेख केलेल्या लोहोरकडे होतं.) 1999 च्या विश्वचषकात उपांत्य सामना जादा वेळेत गेला, स्टीफन लार्कमच्या ड्रॉप गोलने (चेंडूला टप्पा देऊन मारलेल्या किकने) ऑस्ट्रेलियाचं पारडं जड झालं आणि आफ्रिका 27-21 अशी हरली. रासी 36 कसोटी खेळला, एकीत कर्णधारही होता. शेवटची कसोटी 2001 मध्ये.

चांगली कारकीर्द, पण दंतकथा व्हावी अशी नव्हे. मला महत्त्वाची वाटते ती त्याची खेळत असतानाची एक सवय. तो लॅपटॉपवर सामन्यांची चित्रफीत कापून पाहायचा. व्यावसायिक रग्बी तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचं होतं आणि बहुतेक खेळाडू सामना संपला की मोकळे. हा मात्र प्रतिस्पर्ध्याचा लाइनआउट (बाजूरेषेवरून आत फेकलेला चेंडू) कुठे पडतो, कोणता खेळाडू टॅकलनंतर उशिरा उठतो, कोण कोणत्या पायाने किक मारतो, हे शोधत बसायचा. स्वतःच्या जागेचा अभ्यास सगळेच खेळाडू करतात. उरलेल्या चौदा जागांचा अभ्यास जो करतो, त्याचं प्रशिक्षक होणं खेळतानाच सुरू झालेलं असतं. तुम्ही फ्लँकर आहात, म्हणजे ब्रेकडाउन, टॅकलनंतर चेंडूसाठी होणारी झटापट, तुम्हाला डोळे मिटूनही दिसत असेल. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण भिडून ढकलतात तेव्हा, पहिल्या फळीतल्या प्रॉपची मान नेमकी कशी अवघडते, हे तुम्हाला सांगता येतं का? आधी ते शिका.

खेळ थांबवल्यावर रासी घरच्या फ्री स्टेटचाच प्रशिक्षक झाला, आणि 2005 मध्ये त्या संघाने करी कप ही देशांतर्गत स्पर्धा जिंकली. प्रिटोरियात, ब्लू बुल्सच्या मैदानावर, 29-25. फ्री स्टेटला हा चषक त्याआधी 1976 मध्ये मिळाला होता. पुढच्या वर्षीचा अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत सुटला आणि चषक दोघांत वाटला गेला. या काळातली रंगीत दिव्यांची गोष्ट बरीच सांगितली जाते. रासी स्टेडियमच्या छतावर बसायचा आणि दिव्यांच्या रंगांनी मैदानातल्या खेळाडूंना इशारे द्यायचा. लोक ते विक्षिप्तपणा म्हणून सांगतात. मला त्यात शुद्ध व्यवहार दिसतो. चाळीस मिनिटांचा अर्धा डाव चालू असताना प्रशिक्षकाचा आवाज खेळाडूपर्यंत पोचत नाही, आणि वरून जे दिसतं ते खाली दिसत नाही. मग निरोप पोचवायचा कसा? त्याने एक मार्ग काढला. आणि दिव्याचा रंग उपयोगी पडतो तो आठवडाभर आधी सगळ्यांनी मिळून त्या रंगाचा अर्थ ठरवला असेल तरच. खरं काम त्या आठवड्यात झालेलं असतं.

इथूनच निनाबर त्याच्या सोबत आहे. ब्लूमफाँटेनचा हा फिजिओथेरपिस्ट. रासीने त्याला आधी तंदुरुस्तीच्या कामात घेतलं, आणि पुढे केपटाऊनला स्टॉर्मर्समध्ये बचावाचा प्रशिक्षक केलं. फिजिओला बचाव कसा कळणार, असं म्हणणारे तेव्हा असणारच. पण शरीर कुठल्या कोनात दुबळं पडतं, दमलेला माणूस कुठल्या बाजूला सरकत नाही, हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. पुढे रग्बीतल्या सर्वांत आक्रमक बचावांपैकी एक याच माणसाने उभा केला.

2012 पासून रासी दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघटनेत पडद्यामागच्या कामावर होता. देशभरातल्या प्रशिक्षकांना आणि संघांना तांत्रिक मदत पुरवायची, हे त्याचं काम. प्रसिद्धी नाही, टाळ्या नाहीत. मग 2016 मध्ये तो आयर्लंडला मन्स्टर या प्रांतिक संघाचा रग्बी संचालक म्हणून गेला, निनाबरला घेऊन. तिथे जे घडलं ते कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. त्या ऑक्टोबरमध्ये मन्स्टरचा मुख्य प्रशिक्षक अँथनी फोली पॅरिसजवळच्या हॉटेलात, सामन्याच्या दिवशी, झोपेतच वारला. बेचाळीस वर्षांचा होता. स्वतः मन्स्टरचा कर्णधार राहिलेला, लिमरिकच्या लोकांचा आपला माणूस. रासी तिथे नवा, परदेशी, आणि संघ आता पूर्णपणे त्याच्या खांद्यावर आला होता. सहा दिवसांनी लिमरिकच्या थॉमंड पार्कवर ग्लासगोविरुद्ध सामना होता. फोलीचा आठ नंबरचा जर्सी त्या दिवशी कोणी घातला नाही. कीथ अर्ल्सला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं, तरी चौदा जणांच्या मन्स्टरने 38-17 असा विजय मिळवला. त्या हंगामात संघ युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत आणि प्रो-12 या लीगच्या अंतिम सामन्यात पोचला. दोन्हीकडे हरला.

मन्स्टरच्या त्या काळाबद्दल वाचताना मला सारखं वाटतं की 2018 नंतर दिसलेला रासी बराचसा तिथे घडला. तिथे त्याला शोकात बुडालेल्या माणसांकडून काम करून घ्यावं लागलं, आणि घोषणा देऊन ते होत नाही. उद्या सकाळी नेमकं काय करायचं आहे, हे प्रत्येकाला कळलं तर माणूस उभा राहतो.

आता मुख्य भाग. 2016 मध्ये स्प्रिंगबॉक्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय संघ, इटलीकडून फ्लॉरेन्समध्ये 20-18 असे हरले होते. इटलीने त्यांना हरवण्याची ती पहिलीच वेळ. सप्टेंबर 2017 मध्ये न्यूझीलंडने त्यांना आल्बनीला 57-0 असं धुतलं. नोव्हेंबरमध्ये डब्लिनला आयर्लंडकडून 38-3. मार्च 2018 मध्ये रासीला मुख्य प्रशिक्षक नेमलं, तेव्हा जपानमधला विश्वचषक दीड वर्षावर होता.

दीड वर्षात काय सुधारतं आणि काय नाही, हा हिशेब त्याने आधी मांडला असावा असं त्याच्या निवडींवरून दिसतं. हातातून हातात सफाईने फिरणारा आक्रमक खेळ बसवायला वर्षं लागतात. बचाव, स्क्रम, लाइनआउट आणि उंच किक यांत मात्र मोठा फरक तुलनेने लवकर पडतो, कारण त्यांत कल्पकतेपेक्षा शिस्त आणि ताकद लागते. त्याने तेच धरलं. फाफ डी क्लर्क स्क्रमच्या मागून एकामागून एक उंच किक मारत राहिला आणि जगभरचे पत्रकार कंटाळा आला म्हणून ओरडत राहिले, विशेषतः वेल्सविरुद्धच्या 19-16 च्या उपांत्य सामन्यात. मला तो सामना सुंदर वाटला नाही, पण त्यातली प्रत्येक किक कुठे पडायची आणि तिच्याखाली कोण धावायचं, हे ठरलेलं होतं. डी क्लर्क तेव्हा इंग्लंडमध्ये सेल या क्लबकडून खेळायचा. परदेशात खेळणाऱ्याला निवडायचं तर त्याच्या आधीच्या 30 कसोटी हव्यात, असा नियम होता. रासीने तो आधी शिथिल करून घेतला आणि मग काढायला लावला.

कर्णधार म्हणून त्याने सिया कोलिसीला निवडलं. पोर्ट एलिझाबेथच्या झ्वीडे वस्तीतला मुलगा. तो वेस्टर्न प्रॉव्हिन्सकडे आला तेव्हा रासी तिथेच कामाला होता. स्प्रिंगबॉक्सच्या इतिहासातला हा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. 9 जून 2018, एलिस पार्क, समोर इंग्लंड. पहिल्या वीसेक मिनिटांत आफ्रिका 24-3 अशी मागे पडली आणि शेवटी 42-39 अशी जिंकली. या निवडीकडे केवळ प्रतीक म्हणून पाहणाऱ्यांना मी एक मोजणी सांगतो. 1995 च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या पंधरात एक श्वेतेतर खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. 2007 मध्ये दोन. 2019 मध्ये सहा: कोलिसी, म्तावारिरा, म्बोनाम्बी, अॅम, मपिम्पी, कोल्बे. त्यांतला एकही उपकार म्हणून आत आलेला नव्हता. आधीच्या दोन अंतिम विजयांत आफ्रिकेने एकही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) केला नव्हता. 2019 च्या अंतिम सामन्यात दोन झाले, आणि ते मपिम्पी आणि कोल्बे यांचे होते.

आणि आता राखीव खेळाडू. इथे थोडा वेळ थांबावं लागेल, कारण रासीचं सर्वांत मोठं योगदान मी यालाच मानतो. पंधरा मैदानात, आठ राखीव. प्रथा अशी की राखीवांत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक. फॉरवर्ड म्हणजे स्क्रममध्ये ढकलणारे, नऊशे किलोच्या आसपास वजनाचा तो आठ जणांचा गट. बॅक म्हणजे मागची धावणारी फळी. रासीने 2019 मध्ये सहा फॉरवर्ड आणि दोन बॅक अशी विभागणी केली. पुढच्या फळीतले राखीव म्हणजे माल्कम मार्क्स, स्टीव्हन किट्सहॉफ आणि विन्सेंट कॉख. मार्क्स तेव्हा जगातल्या सर्वोत्तम हुकरांपैकी (पहिल्या फळीच्या मधल्या खेळाडूंपैकी) एक मानला जायचा, आणि तो बाहेर बसून सामना सुरू करत होता. दुसऱ्या अर्ध्यात काही मिनिटांतच दमलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर ही ताजी फळी उतरायची. यांना ‘बॉम्ब स्क्वॉड’ असं नाव पडलं.

खो-खो पाहणाऱ्यांना हे चटकन कळेल. बचावाच्या वेळी तिघातिघांच्या तुकड्या जातात, आणि जाणता प्रशिक्षक आपला भरवशाचा पळणारा कधी कधी मुद्दाम दुसऱ्या तुकडीत ठेवतो. दुसऱ्या तुकडीत नाव आलं म्हणून तो खेळाडू कमी ठरत नाही.

रग्बीत मात्र तसं मानायची पद्धत नव्हती. जर्सीवर एक ते पंधरामधला आकडा म्हणजे मान, सोळा ते तेवीस म्हणजे निवड हुकली, ही भावना जगभर आहे आणि आपल्या मैदानांवरही आहे. मुलाला राखीवात ठेवलं की घरच्यांचा फोन येतो, मुलगा सरावाला येईनासा होतो. रासीने हे उलटवलं. बाहेर बसणाऱ्याला त्याचं काम, उतरण्याची वेळ आणि त्या वेळी काय करायचं, हे सगळं आधी सांगितलेलं असायचं. तुला वगळलेलं नाही, सामन्याचा दुसरा भाग तुझा आहे. हे सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं, आणि त्याने प्रत्येक सामन्यात ते केलं. योकोहामाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा प्रॉप काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला. म्तावारिराने पलीकडच्या डॅन कोलची स्क्रममध्ये दमछाक केली, आणि मग किट्सहॉफ आणि कॉख ताजे उतरले. स्क्रममध्ये मिळालेल्या पेनल्टींचा त्या विजयात मोठा वाटा होता. हान्द्रे पोलार्डने सहा पेनल्टी आणि दोन कन्व्हर्जन (ट्रायनंतरच्या किक) मिळून 22 गुण केले. 32-12. गटातला पहिला सामना न्यूझीलंडकडून हरूनही विश्वचषक जिंकणारा तो पहिला संघ.

सामन्यानंतर त्याला दडपणाबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता: आमच्या देशात दडपण म्हणजे नोकरी नसणं, जवळच्या माणसाचा खून होणं. रग्बीने दडपण निर्माण करू नये, आशा द्यावी. मोठ्या सामन्याआधी मुलांचे हात थरथरतात तेव्हा मी त्यांना हे सांगतो.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून घेऊ नका. 2021 मध्ये लायन्सविरुद्धची पहिली कसोटी 22-17 अशी हरल्यावर त्याने रेफ्री निक बेरीच्या निर्णयांवर 62 मिनिटांची चित्रफीत केली आणि ती सार्वजनिक झाली. वर्ल्ड रग्बीच्या समितीने त्याला दोन महिने सगळ्या रग्बीतून आणि सप्टेंबर 2022 अखेरपर्यंत सामन्याच्या दिवशीच्या सर्व कामांतून बाहेर ठेवलं, संघटनेलाही दंड केला. त्याच दौऱ्यात तो पाणी देणारा म्हणून मैदानात वावरत होता. पुढे नियमच आला की मुख्य प्रशिक्षक किंवा संचालकाला ते काम करता येणार नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये रेफ्रींबद्दलच्या समाजमाध्यमांवरच्या मजकुरामुळे त्याच्यावर पुन्हा दोन सामन्यांची बंदी आली. त्याचे चाहते म्हणतात की मुद्दे बरोबर होते. असतीलही काही. पण रेफ्रीला उत्तर द्यायला व्यासपीठ नसतं, आणि त्याच्या घरच्यांना जे सोसावं लागतं ते भयंकर असतं. आपल्याकडे तर रेफ्री म्हणजे बहुतेकदा कालपर्यंत आपल्यासोबत खेळलेला मित्र, पदरमोड करून आलेला. मुलं प्रशिक्षकाकडे पाहूनच रेफ्रीशी कसं बोलायचं ते शिकतात.

2020 पासून मुख्य प्रशिक्षक निनाबर आणि संचालक रासी, अशी रचना होती. जिंकून झाल्यावर पद सहकाऱ्याच्या हाती देऊन स्वतः एक पाऊल मागे राहणारे थोडे. फ्रान्समधल्या 2023 च्या विश्वचषकात बाद फेरीतले तीनही सामने या संघाने एकेका गुणाने जिंकले. फ्रान्सविरुद्ध 29-28, इंग्लंडविरुद्ध 16-15, न्यूझीलंडविरुद्ध 12-11. याला नशीब म्हणणारे आहेत. मी दोन प्रसंग सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

उपांत्यपूर्व सामन्यात डॅमियन विलेम्झने आपल्या बाविसाच्या आत, म्हणजे आपल्या गोलरेषेपासून 22 मीटरच्या पट्ट्यात, उंच किक झेलून मार्क मागितला; त्यावर मोकळी किक मिळते. अशा वेळी सगळे चेंडू दूर मारतात. त्याने स्क्रम मागितला. फ्रान्सच्या थकलेल्या फॉरवर्डना आणखी एकदा ढकलायला लावायचं होतं. तेही पॅरिसमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, आपल्याच गोलरेषेजवळ. याच सामन्यात कोल्बेने थोमा रामोसचं कन्व्हर्जन धावत जाऊन अडवलं. दोन गुण वाचले आणि सामना एका गुणाने जिंकला. किक मारणारा हलला की क्षणात सुटायचं, हे आधी डोक्यात पक्कं असल्याशिवाय होत नाही.

दुसरा प्रसंग इंग्लंडविरुद्धचा. पाऊस पडत होता, इंग्लंड उंच किक मारत होतं, आफ्रिकेला काही सुचत नव्हतं. 31 व्या मिनिटाला मानी लिबॉकला काढून पोलार्डला उतरवलं गेलं. अर्ध्या वेळेच्याही आधी फ्लाय-हाफ, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणारा खेळाडू, बदलणं म्हणजे आपला बेत चुकला हे साऱ्या जगासमोर दाखवणं. ते त्यांनी केलं. तरी संघ 15-6 असा मागे होता. मग ऑक्स न्चे उतरला आणि स्क्रममागून स्क्रम इंग्लंडला मोडत गेला. आर. जी. स्नायमनचा ट्राय 69 व्या मिनिटाला, पोलार्डचं कन्व्हर्जन, आणि 77 व्या मिनिटाला जवळजवळ पन्नास मीटरवरून त्याचीच पेनल्टी. न्चे, स्नायमन, पोलार्ड, तिघेही राखीव म्हणून आलेले.

अंतिम सामन्यात तर राखीवांत सात फॉरवर्ड आणि एकच बॅक होता, विली ल रू. दुसरा स्क्रम-हाफ (स्क्रमच्या मागून चेंडू काढणारा) बाहेर नव्हताच. डी क्लर्कला काही झालं असतं तर? हा धोका पत्करलेला होता. गंमत अशी की ही सात-एकची विभागणी पहिल्यांदा दिसली ती ऑगस्टमध्ये ट्विकनहॅमवर, आणि तीही ल रू ऐन वेळी दुखावल्यामुळे. त्याच्या जागी क्वाग्गा स्मिथ हा फॉरवर्ड घेतला आणि न्यूझीलंडला 35-7 असं हरवलं. अडचणीतून निघालेली वाट पुढे मुद्दाम वापरली गेली. अंतिम सामन्यात हुकर म्बोनाम्बी सुरुवातीलाच जखमी झाला आणि तेव्हा मुख्यतः फ्लँकर म्हणून खेळणाऱ्या डीऑन फूरीने उरलेला जवळजवळ सगळा सामना हुकर म्हणून काढला. तुम्ही फ्लँकर म्हणून हा सामना पाहिला नसेल तर जरूर पाहा.

2024 पासून रासी पुन्हा मुख्य प्रशिक्षक आहे. त्याने काय केलं पाहा. जो खेळ 2018 मध्ये बाजूला ठेवला होता तोच आता हाती घेतला. आक्रमणासाठी टोनी ब्राउनला आणलं. हा पूर्वीचा ऑल ब्लॅक, म्हणजे न्यूझीलंडच्या संघातला खेळाडू; 2019 मध्ये जपानचं देखणं आक्रमण त्यानेच बसवलं होतं. त्या जपानला उपांत्यपूर्व फेरीत हरवणारा संघ रासीचाच. बचावासाठी जेरी फ्लॅनरी आला, मन्स्टरपासूनच्या ओळखीतला. 2024 आणि 2025 ची रग्बी चॅम्पियनशिप (दक्षिण गोलार्धातल्या चार देशांची स्पर्धा) सलग जिंकली. मधे ठेचाही लागल्या. 2025 मध्ये एलिस पार्कवर 22-0 अशी आघाडी घेऊन ऑस्ट्रेलियाकडून 38-22 अशी हार झाली. मग ऑकलंडला 24-17 ने हरल्यावर पुढच्याच आठवड्यात बराच बदललेला संघ वेलिंग्टनला उतरवला आणि न्यूझीलंडला 43-10 असं हरवलं. ऑल ब्लॅक्सचा इतक्या फरकाने कधीच पराभव झाला नव्हता.

आता तुमच्याकडे. आपल्याकडे प्रामुख्याने सेव्हन्स खेळतात: सात मैदानात, पाच राखीव, सात-सात मिनिटांचे दोन भाग. म्हणजे राखीवांचं महत्त्व पंधरांच्या खेळापेक्षा जास्तच. पुढच्या स्पर्धेआधी बाराही मुलांना एकेकट्याला बोलावून त्याचं काम सांगा. कितव्या मिनिटाला, कोणाच्या जागी, पहिल्या दोन मिनिटांत काय. राखीवांना आधी बोलवा. मुलाने तुमचंच बोलणं स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं, तरच ते पोचलं असं समजा.

पावसाळ्याचा फायदा घ्या. मुंबई-पुण्यात चिखलात चेंडू निसटतो म्हणून अनेक जण त्या दिवसांत फक्त पळवून घेतात. त्याच दिवसांत झेल, टॅकलची उंची आणि जमिनीवरचा चेंडू शिकवावा. मार खायची भीतीही चिखलात कमी असते. वर्ल्ड रग्बीचे ऑनलाइन अभ्यासक्रम करा, सुरक्षेचा आधी. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, स्पर्धा कुठलीही असो.

आणि वरिष्ठ संघाकडे सहायक म्हणून एखादा हंगाम काढता आला तर ज्युनिअर मुलं सांभाळूनही काढा. मोबदला बहुधा मिळणार नाही. तरी निवडीच्या बैठकीत बसायला मिळतंय का ते बघा. एकाच जागेसाठी दोन चांगले खेळाडू असताना त्यातल्या एकाला नाही म्हणायचं असतं, आणि ते त्याला कोण, कधी, कुठे सांगतं, हे जवळून पाहायला मिळेल. तुमच्या क्लबमध्ये हे फलकावर यादी लावून होत असेल, तर ज्युनिअर गटापुरतं ते आधी बदला. यादी लागण्यापूर्वी वगळलेल्या मुलाला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, आणि पुढच्या महिन्यात त्याने नेमकं काय सुधारायचं हेही त्याच वेळी.